कोणत्या तारखेला कोणता कायदा? वऱ्हाडातील विधी ग्रंथपालांसमोरचे काम

अमरावती/अकोला, विशेष प्रतिनिधी

न्यायालयात युक्तिवाद वकील करतात आणि निर्णय न्यायाधीश देतात. तथापि या दोघांच्या हाती योग्य वेळी योग्य पुस्तक, योग्य कलम आणि योग्य निवाडा पोहोचविणारा तिसरा घटक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. हा घटक म्हणजे विधी ग्रंथपाल. वकील संघाचे ग्रंथालय, विधी महाविद्यालयाचे ग्रंथालय आणि न्यायालयाचे स्वतःचे ग्रंथालय अशा तीन ठिकाणी त्याचे काम चालते. गेल्या काही वर्षांत फौजदारी कायदे मुळापासून बदलले, निवाडे संगणकावर विनामूल्य मिळू लागले आणि अस्तित्वातच नसलेले निवाडे उद्धृत होण्याचा नवा धोकाही उभा राहिला. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत त्यात आणखी एक भर आहे. वऱ्हाडचा कायदेविषयक इतिहास उर्वरित महाराष्ट्राहून वेगळा असल्याने येथील ग्रंथपालाला जुन्या कपाटाच्या किल्ल्या टाकून देता येत नाहीत.

वकिलांची परंपरा

वऱ्हाडच्या सार्वजनिक जीवनाची उभारणी मोठ्या प्रमाणावर वकिलांनी केली. लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर आणि मोरोपंत जोशी हे तिघेही अमरावतीचे वकील. १८९७ मध्ये अमरावतीत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष सी. शंकरन नायर हेही मद्रासचे नामांकित वकील होते. बॅरिस्टर डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे विधी महाविद्यालय अमरावतीत आहे, तर अकोल्यात अकोला लॉ कॉलेज आहे. अमरावतीत जन्मलेले आणि अमरावती विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेले न्या. भूषण गवई मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात देशाचे सरन्यायाधीश होते. त्यांच्याच हस्ते जुलै २०२५ मध्ये अमरावती जिल्हा व सत्र न्यायालयात टी. आर. गिल्डा स्मृती ई-ग्रंथालयाचे उद्घाटन झाले. छापील ग्रंथाकडून पडद्याकडे होत असलेल्या प्रवासातील हा येथील महत्त्वाचा टप्पा मानला पाहिजे.

पाच राजवटींचे कपाट

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने घेतले गेले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर हा भाग मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. निजामाच्या नाममात्र स्वामित्वाखालील इंग्रजी अंमल, मध्य प्रांत, मध्य प्रदेश, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशा पाच राजवटींचे कायदे त्यामुळे एकाच जमिनीच्या इतिहासात सापडतात.

शेतजमिनीचा दावा हे याचे ठळक उदाहरण. १९३५ सालचा एखादा व्यवहार तपासायचा तर वऱ्हाड जमीन महसूल संहिता, १९२८ पाहावी लागते. त्यानंतर मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता, १९५४ येते. या संहितेने 'भूमिस्वामी' आणि 'भूमिधारी' असे हक्कांचे दोन प्रकार केले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २९ ने भोगवटादारांचे वर्ग एक आणि वर्ग दोन असे प्रकार ठरविले. विदर्भात हस्तांतरणावर निर्बंध नसलेला भूमिस्वामी वर्ग एकमध्ये गेला, तर निर्बंध असलेला भूमिस्वामी आणि भूमिधारी वर्ग दोनमध्ये गेले. सातबाऱ्यावरील 'वर्ग दोन' या दोन शब्दांमुळे विक्री अडलेल्या शेतकऱ्याला त्यामागचे कारण समजून घ्यायचे असेल, तर वकिलाला अनेकदा १९५४ च्या संहितेपर्यंत मागे जावे लागते. ती संहिता पुस्तकाच्या दुकानात सहजी मिळत नाही. ती जुन्या वकील संघाच्या कपाटातच सापडण्याची शक्यता अधिक.

कुळकायद्याचीही हीच कथा. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कुळकायदा लागू आहे आणि कुळाला मालकी मिळण्याचा 'कृषक दिन' १ एप्रिल १९५७ हा आहे. विदर्भाला १९५८ चा स्वतंत्र कायदा लागू असून त्याच्या कलम ४६ नुसार ही तारीख १ एप्रिल १९६१ आहे. त्याआधी वऱ्हाडात शेतजमिनीच्या पट्ट्यांचे नियमन करणारा १९५१ चा स्वतंत्र कायदा होता. पश्चिम महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले पाठ्यपुस्तक अकोल्याच्या दाव्यात जसेच्या तसे वापरले, तर तारीखही चुकते आणि कलमही. भर म्हणजे २०१२ मध्ये अनेक राज्य कायद्यांच्या नावातील 'मुंबई' हा शब्द जाऊन त्याजागी 'महाराष्ट्र' आला. तोच कायदा दोन नावांनी शोधावा लागतो. सूचीत दोन्ही नावांची नोंद ठेवून एकीवरून दुसरीकडे निर्देश करणे, हे ग्रंथपालाचे साधे पण मोलाचे काम होय.

निवाड्यांचे पत्ते

नागपूर उच्च न्यायालय ९ जानेवारी १९३६ रोजी स्थापन झाले आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत टिकले. १९६० च्या मुंबई पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ४१ ने नागपूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे कायम खंडपीठ बसण्याची तरतूद केली. बुलढाणा, अकोला, अमरावती आणि यवतमाळ हे जिल्हे त्या कलमातच नमूद आहेत. त्यामुळे येथील वकिलाला नागपूर मालिकेतील जुने निवाडे, नागपूर लॉ जर्नल आणि ऑल इंडिया रिपोर्टरचे 'नागपूर' विभाग आजही लागतात. एखाद्या निवाड्याचा पत्ता 'ए.आय.आर. १९५२ नागपूर' असा सुरू होत असेल, तर तो मुंबई विभागात शोधून मिळत नाही. नवशिक्या वकिलाचा अर्धा दिवस अशा शोधात जातो. जाणता ग्रंथपाल तोच खंड काही मिनिटांत काढून देतो.

ऑल इंडिया रिपोर्टर ही मालिका नागपूरचीच. तिच्यात १९१४ पासूनचे निवाडे आहेत. आज निवाड्यांना प्रकाशकनिरपेक्ष क्रमांकही मिळू लागले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये 'आय.एन.एस.सी.' ही क्रमांकपद्धती सुरू केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निर्णयांवर वर्षानंतर 'बी.एच.सी.-नाग' असा संकेत असतो आणि द्विसदस्य पीठाचा निर्णय असल्यास शेवटी 'डी.बी.' ही अक्षरे येतात. या क्रमांकामुळे एकच निवाडा कोणत्याही प्रकाशकाकडे वा संकेतस्थळावर ओळखता येतो. मात्र जुन्या निवाड्यांचा शोध अद्याप छापील मालिकांच्या पत्त्यांवरूनच घ्यावा लागतो.

आकडा तोच, अर्थ निराळा

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे अमलात आले. १८६० ची दंड संहिता, १९७३ ची दंड प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा निरसित झाले. ५११ कलमांच्या दंड संहितेची जागा ३५८ कलमांनी घेतली.

खुनाचे कलम ३०२ आता १०३ झाले आहे. न्याय संहितेतही कलम ३०२ आहे, पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याबद्दलचे. फसवणुकीचे कलम ४२० आता ३१८ च्या चौथ्या उपकलमात गेले. सर्वांत मोठी गफलत होते ती ४८२ या आकड्याची. जुन्या संहितेत कलम ४८२ उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराचे होते आणि अटकपूर्व जामिनाचे कलम ४३८ होते. नव्या संहितेत ४८२ हेच अटकपूर्व जामिनाचे कलम असून अंगभूत अधिकार ५२८ मध्ये आहेत. केवळ आकडा टाकून संगणकावर शोध घेतला, तर दोन्ही विषयांचे निवाडे एकत्र समोर येतात.

जुनी पुस्तके मात्र रद्दीत घालता येत नाहीत. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वी घडला असेल तर शिक्षा दंड संहितेनुसारच ठरते आणि त्या दिवशी प्रलंबित असलेले तपास, खटले व अपिले जुन्या प्रक्रियेनेच चालतात. म्हणजे पुढील अनेक वर्षे दोन्ही संच शेजारी ठेवावे लागतील. जुन्या आणि नव्या कलमांचा तुलनात्मक तक्ता वाचन कक्षाच्या भिंतीवर लावणे हा सोपा उपाय आहे. मोबाइलमधील चित्रफीत वा संदेश पुरावा म्हणून द्यायचा असेल, तर पूर्वीच्या कलम ६५-बी ऐवजी आता साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू होते. त्यासोबतच्या प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत असून त्यात 'हॅश' मूल्य नमूद करावे लागते. तो नमुना ग्रंथालयात छापील स्वरूपात उपलब्ध असणे पक्षकाराच्या हिताचे आहे.

विनामूल्य आणि विकत

सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी 'ई-एस.सी.आर.' ही सेवा सुरू केली. त्यावेळी सुमारे ३४ हजार निवाडे सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. निवडक निवाड्यांचे मराठीसह अन्य भारतीय भाषांतील अनुवादही उपलब्ध होऊ लागले. केंद्रीय व राज्य कायद्यांसाठी 'इंडिया कोड', प्रकरणांच्या सद्यःस्थितीसाठी 'ई-कोर्ट्स' आणि प्रलंबित प्रकरणांच्या आकडेवारीसाठी राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रीड आहे. 'इंडियन कानून' हे २००८ पासूनचे शोधस्थळ तरुण वकिलांच्या विशेष परिचयाचे. महाविद्यालयांना 'एन-लिस्ट' योजनेतून नियतकालिके मिळतात. 'एस.सी.सी. ऑनलाइन', 'मनुपत्र' आणि 'ए.आय.आर.'ची संगणकीय आवृत्ती यांना मात्र वर्गणी भरावी लागते.

विनामूल्य निवाडा आणि विकतचा निवाडा यांत फरक काय, हा प्रश्न वकील संघाच्या बैठकीत अंदाजपत्रकाच्या वेळी हमखास निघतो. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात दिले आहे. न्यायालयाने दिलेला मूळ निवाडा सर्वांचा असतो. प्रकाशकाने स्वतःच्या कौशल्याने लिहिलेल्या शीर्षटिपा व अशा प्रकारची संपादकीय भर यांवर मात्र त्याचा हक्क असतो. ग्रंथपालाने छायाप्रती देताना हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

विधी महाविद्यालयांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत ग्रंथालयाचे किमान निकष आहेत. निवाड्यांच्या मालिका व नियतकालिकांचे किमान दहा वर्षांचे जुने अंक, प्रत्येक नोंदणीकृत विद्यार्थ्यामागे दहा पाठ्यपुस्तके हे प्रमाण, आणि एका अभ्यासक्रमासाठी वर्षाला ५० हजार तर दोन्हींसाठी एक लाख रुपये किमान खर्च, असे ते निकष आहेत. आजच्या वर्गण्यांचे दर पाहता ही रक्कम तुटपुंजी आहे. ती किमान मर्यादा आहे, पुरेशी तरतूद नव्हे, हे संस्थाचालकांनी ध्यानात घेतले पाहिजे.

मराठीचा प्रश्न

२१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ही दुय्यम न्यायालयांची भाषा ठरली. तरीही संदर्भग्रंथ व निवाड्यांच्या मालिका प्रामुख्याने इंग्रजीतच आहेत. भाषा संचालनालयाचा 'न्यायव्यवहार कोश' आणि केंद्रीय अधिनियमांचे प्राधिकृत मराठी पाठ हे त्यामुळे अत्यावश्यक ठरतात. मराठीत युक्तिवाद लिहिणाऱ्या तालुक्याच्या वकिलाला 'निरसन', 'व्यावृत्ती', 'प्रतिभूती' या संज्ञांचा नेमका अर्थ तेथेच मिळतो.

नसलेले निवाडे

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने विचारलेल्या प्रश्नाला तत्परतेने उत्तर देतात, पण काही वेळा पक्षकारांच्या नावासह चक्क काल्पनिक निवाडाही रचून देतात. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ मध्ये माता विरुद्ध एव्हिएन्का या दाव्यात असे निवाडे सादर झाले आणि वकिलांना दंड झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये के.एम.जी. वायर्स या कंपनीच्या प्रकरणात आयकर आकारणीचा आदेश रद्द केला. त्या आदेशात आधार म्हणून घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. अशी साधने वापरताना निष्कर्षांची पडताळणी केलीच पाहिजे, असे न्यायालयाने बजावले.

ही पडताळणी म्हणजे विधी ग्रंथपालाचे मूळचे काम होय. निवाड्याचा क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर आहे काय, छापील मालिकेतील पान जुळते काय, तो निवाडा पुढे वरिष्ठ न्यायालयाने फिरविला आहे काय आणि त्यातील कलम त्या तारखेला अमलात होते काय, हे चार प्रश्न विचारले म्हणजे बहुतेक चुका न्यायालयाच्या दारातच थांबतात. अमेरिकेत विधी ग्रंथपालांची संघटना १९०६ पासून कार्यरत आहे आणि तेथे हा स्वतंत्र व्यवसाय समजला जातो. आपल्याकडे जिल्ह्याच्या पातळीवर हे काम अनेकदा पुस्तके देणे-घेणे एवढ्यापुरतेच समजले जाते.

ई-ग्रंथालयाचे पडदे आले म्हणून कपाटे अडगळीची ठरत नाहीत आणि कपाटे जपली म्हणून पडद्याकडे पाठ फिरवून चालत नाही. वऱ्हाडात तर १९२८ ची संहिता आणि २०२५ चा निवाडा एकाच दिवशी, एकाच दाव्यात लागू शकतात. हे दोन्ही कोठे आहेत हे ठाऊक असलेला प्रशिक्षित माणूस टेबलामागे असणे, यावर एखाद्या कुटुंबाची जमीन वा एखाद्या आरोपीचा जामीन अवलंबून असू शकतो. वकील संघ आणि महाविद्यालये यांनी अंदाजपत्रक मांडताना पुस्तके व संगणक यांच्याबरोबरच या माणसाचाही विचार करणे अगत्याचे आहे.