मोठा पिकप घेण्यापूर्वी : वजन, परमिट, विमा आणि घरची माणसे

उसाचे बिल हाती आले किंवा दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या भागातल्या अनेक घरांत एकच विषय निघतो. 'छोटा हत्ती' आता पुरत नाही, तो देऊन मोठा पिकप घ्यायचा. आठवडाभर भाजी, बटाटा, तंबाखू, खत, सिमेंट. गरज पडली तर मागे एखादी ट्रॉली. आणि सौंदत्ती, चिंचली किंवा आदमापूरला जायचे झाले तर घरची सगळी मंडळी त्याच गाडीत, असा बहुतेकांचा हिशेब असतो. यातला मालाचा हिशेब बरोबर असतो. माणसांचा हिशेब मात्र चुकीचा असतो आणि तो चुकला तर त्याची किंमत फार मोठी असते. गाडी बदलण्यापूर्वी सभासदांना माहीत असाव्यात अशा गोष्टी येथे एकत्र दिल्या आहेत.

1. आरसीवरचे दोन आकडे

शोरूममध्ये आपण अश्वशक्ती, मायलेज आणि हौद्याची लांबी विचारतो. आधी विचारायला हवेत ते दोन आकडे आरसीवर छापलेले असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासह एकूण वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की राहते ती गाडीची खरी क्षमता. त्या क्षमतेतच माणसांचे, ताडपत्रीचे आणि नंतर बसवलेल्या लोखंडी जाळीचेही वजन धरायचे असते.

समजा, एकूण वजन 2,900 किलो आणि रिकामे वजन 1,600 किलो आहे. म्हणजे क्षमता 1,300 किलो. त्यात 50 किलोची सिमेंटची 26 पोती मावतात, पण ड्रायव्हर आणि जोडीदार धरले तर 23 पोत्यांवर थांबावे लागते. 1,000 लिटर पाणी म्हणजे 1,000 किलो, टाकीचे वजन वेगळे. एक ब्रास वाळू साडेचार टनांच्या आसपास भरते, म्हणजे पाव ब्रासलाच 1,100 किलो होतात. ओल्या वाळूचे वजन त्याहून जास्त. मोठ्या अंगाची म्हैस 500 किलोच्या पुढे जाते. हौदा भरलेला दिसत नाही म्हणून वजन कमी आहे असे समजू नये.

जादा वजनासाठी 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये अशी दंडाची तरतूद आहे. शिवाय जादा माल जागेवर उतरवून घेण्याचा खर्च मालकाचाच.

2. 3,000 किलोची रेष आणि आपली सीमा

2005 साली टाटा एस बाजारात आली तेव्हापासून लहान मालवाहू गाड्या शेतकऱ्याच्या दारात दिसू लागल्या. या गाड्या वापरताना परमिटचा विचार फारसा करावा लागला नाही, कारण ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन 3,000 किलोपेक्षा जास्त नाही तिला कायद्याच्या कलम 66 मधून सूट आहे. मोठा पिकप घेताना नेमकी हीच रेष ओलांडली जाते. एकाच कंपनीच्या, दिसायला सारख्या दोन मॉडेलांपैकी एक रेषेच्या आत आणि दुसरे बाहेर असू शकते.

इतरांना हा तपशील किरकोळ वाटेल. आपल्याला तो किरकोळ नाही. निपाणीच्या माणसाचे शेत एका राज्यात, बाजार दुसऱ्या राज्यात आणि लेकीचे सासर कागल-गडहिंग्लजला. कोगनोळी ओलांडणे ही त्याची रोजची गोष्ट. 3,000 किलोवरच्या गाडीला फक्त कर्नाटकाचे परमिट असेल तर त्यावर कोल्हापूरच्या बाजारात माल नेता येत नाही. त्यासाठी नॅशनल परमिट किंवा पलीकडच्या राज्याची मान्यता लागते. माल स्वतःच्या शेतातला आहे, भाड्याचा नाही, एवढ्याने ही अट सुटत नाही. म्हणून गाडी ठरवण्यापूर्वी वर्षातून किती वेळा सीमा ओलांडणार हे कागदावर लिहून काढावे. 200 किलो जादा क्षमतेसाठी दरवर्षी परमिटचा खर्च परवडतो का, हे मग आपोआप कळते.

परमिट लागले नाही तरी कर, फिटनेस, विमा आणि पीयूसी सुटत नाहीत. मालवाहू गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करून घ्यावे लागते.

3. लायसन्स

याबाबत बरीच वर्षे गोंधळ होता. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो मिटवला. हलक्या वाहनाचे म्हणजे एलएमव्ही लायसन्स असलेल्या माणसाला 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, त्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही. आपण ज्यांना पिकप म्हणतो त्या गाड्या या मर्यादेत येतात. मात्र लायसन्सची मुदत संपलेली नसावी. घरातल्या ज्येष्ठांचे लायसन्स संपून वर्ष झालेले असते आणि कोणाच्या लक्षातही नसते.

4. हौद्यात बसलेली माणसे

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे.

मालवाहू गाडीच्या हौद्यात प्रवासी बसवणे बेकायदेशीर आहे, हे सगळ्यांना माहीत असते. पोलिसांनी धरले तर दंड भरू, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. खरा धोका विम्याचा आहे. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2002 मध्ये आशा राणी प्रकरणात दिला. 1994 च्या दुरुस्तीने मालासोबत जाणाऱ्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला संरक्षण मिळाले, पण त्यानेही केबिनमध्येच बसले पाहिजे. यात्रेला निघालेली बायका-मुले मालाचे मालक ठरत नाहीत.

काही खटल्यांत न्यायालय कंपनीला आधी पैसे द्यायला आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करायला सांगते. जखमींना त्यामुळे दिलासा मिळतो, पण शेवटी रक्कम भरतो तो मालकच. बँकेत असताना अशी एक कर्जाची फाईल माझ्या टेबलावर आली होती. गाडीचे हप्ते वेळेवर, विमा चालू, सगळे कागद व्यवस्थित. जत्रेहून परतताना गाडी उलटली. हौद्यात भावकीतली माणसे होती. दाव्याची रक्कम मालकाच्या अंगावर आली आणि दोन एकर जमीन विकली गेली. जमिनीपेक्षाही मोठे नुकसान वेगळे होते. दावा लावणारे आणि ज्यांच्यावर दावा लागला ते एकाच घरातले होते. पुढे त्यांच्यात येणे-जाणे राहिले नाही.

यावर उपाय तीन आहेत.

- यात्रेला जाण्यासाठी प्रवासी वाहन भाड्याने घ्यावे. वर्षातल्या चार-पाच फेऱ्यांचे भाडे गाडीच्या दोन हप्त्यांहून फारसे जास्त होत नाही.
- माणसे आणि माल दोन्ही नेहमी न्यायचे असतील तर दोन रांगांच्या केबिनची गाडी पाहावी. अशा गाड्या मालवाहू म्हणूनही मिळतात आणि काही मॉडेलांची नोंदणी खासगी वाहन म्हणून पांढऱ्या पाटीवर होते. नोंदणी कोणत्या प्रकारात होणार हे लेखी विचारावे.
- केबिनमध्ये आरसीवर जितक्या जागा आहेत तितकीच माणसे बसवावीत. भाडे न देणाऱ्या प्रवाशांसाठी जादा हप्ता भरून पॉलिसीत जोडसंरक्षण घेता येते. ते घेतले असेल तर पॉलिसीत तसा उल्लेख आहे का, हे स्वतः वाचावे.

5. मागे ट्रॉली जोडायची असेल तर

कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हे वेगळे वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी आणि स्वतःचा विमा लागतो. ट्रॅक्टर चालवण्याचे लायसन्स असलेल्याला ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टरही चालवता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली नागशेट्टी प्रकरणात सांगितले. पण ट्रॉलीत बसलेल्या माणसांचा प्रश्न हौद्यासारखाच आहे.

पिकपला मागे आकडा बसवून घेतला म्हणजे ओढण्याची क्षमता येत नाही. कंपनीच्या पुस्तिकेत किती वजन ओढता येईल हे लिहिले नसेल तर ट्रॉली जोडू नये. इंजिन ओढेल, पण थांबवायचे काम ब्रेकचे आहे. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर सगळा भार पुढच्या गाडीवर येतो, आणि तवंदी घाटाच्या किंवा आंबोलीच्या उतारावर तो लगेच जाणवतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा, नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवू नये. ट्रॉलीतला जड माल आसाच्या थोडा पुढे असावा. वजन मागे गेले की ट्रॉली डोलू लागते आणि पुढच्या गाडीचे मागचे टोक उचलते. मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवे असल्याशिवाय अंधारात हायवेवर जाऊ नये. गळीत हंगामात बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून आदळून किती घरे उजाड झाली, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

6. एमएच 09 ची जुनी गाडी

कोल्हापुरात जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून अनेकजण ती घेऊन येतात आणि त्याच पाटीवर वापरत राहतात. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर तेथे नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला म्हणजे फॉर्म 28, हस्तांतरासाठी फॉर्म 29 व 30, आणि कर्ज फिटले असेल तर बँकेचा फॉर्म 35 लागतो. बेळगावात केए 22 किंवा चिकोडीत केए 23 घेताना इथला कर भरावा लागतो. तो किमतीत मिळवून मगच गाडी स्वस्त की महाग ते ठरवावे. नाव न बदलता घेतलेल्या गाडीचा विमा जुन्या मालकाच्या नावावर राहतो आणि आपल्या नुकसानीचा दावा अडकतो.

7. कर्जाचा हिशेब

8 लाख रुपये, 10 टक्के व्याज धरू. पाच वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे 17,000 रुपये बसतो आणि एकूण व्याज जाते सुमारे 2 लाख 20 हजार. सात वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे 13,300 वर येतो, पण व्याज होते सुमारे 3 लाख 16 हजार. महिन्याला 3,700 रुपये कमी भरण्यासाठी शेवटी 96 हजार जास्त जातात. उत्पन्न हंगामी असेल तर सहामाही हप्ता मिळतो का हे बँकेत विचारावे. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या कोटेशनवर व्यवहार करू नये.

सही करण्यापूर्वी

एकूण वजन 3,000 किलोच्या आत आहे की बाहेर? सीमा ओलांडायची तर परमिट कोणते? नोंदणी मालवाहू की खासगी? केबिनमध्ये जागा किती? पॉलिसीत कोणाला संरक्षण आहे? ट्रॉलीची नोंदणी आणि विमा आहे का? या सहा प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून घरात सर्वांना, विशेषतः गाडी चालवणाऱ्या मुलाला वाचायला द्यावीत. आरसी, परमिट व पॉलिसीच्या झेरॉक्स घरी वेगळ्या ठेवाव्यात.

नवी गाडी दारात आली की हार घालावा, नारळ फोडावा. हौद्यात मात्र पहिल्या दिवसापासून फक्त माल चढवावा. देवदर्शनाला पहिली फेरी करायची असेल तर केबिनमध्ये मावतील तेवढ्यांनीच जावे. बाकीच्यांनी एसटीने किंवा वडापने मागून यावे.