खो-खो कोणाचा?

गेल्या संक्रांतीस इच्छापोर येथे आपल्या मंडळींचा मेळावा झाला. पतंग उडवून कंटाळलेल्या मुलांनी दुपारी मैदानावर फक्कीने रेघा आखल्या आणि खो-खोचा डाव मांडला. त्यातील एका नातवाने आम्हांस विचारले, "आजोबा, खो-खो आपला की गुजरातचा?" 'आपला' हे उत्तर ओठांवर आले होते, परंतु कागद पाहिल्याविना शेरा मारावयाचा नाही, ही सरकारी नोकरीतील सवय अजून सुटलेली नाही.

प्रथम क्रिकेटचेच पाहू. या देशात क्रिकेट खेळले गेल्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १७२१ सालची असून ती खंभातकडील किनाऱ्याची, म्हणजे आपल्या शेजारची आहे. इंग्रजी जहाजावरील खलाशी वेळ घालविण्यासाठी तेथे चेंडूफळी खेळत. मात्र या खेळाचे ज्ञात असलेले पहिले लेखी नियम १७४४ साली लंडनमध्ये झाले. खेळ कोठेही खेळला जातो. तो दूरवर पोहोचतो तो नियम लिहिले गेल्यावर.

खो-खोचेही तसेच झाले. आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही, आणि खो द्यावयाचा तो पाठीमागूनच. या गोष्टी आधी ठरल्या नसतील तर दोन गावांचा सामना भांडणावरच संपावयाचा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली नियमांचा प्रारंभिक आराखडा केला, आणि १९२४ साली खो-खोचे नियम छापून प्रसिद्ध झाले ते बडोद्यास! त्याच्या आदल्या वर्षी हुतूतूचे नियम आणि अखिल भारतीय सामने यांचा मानही बडोद्यानेच मिळविला होता.

बडोद्यासच का? सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. जुम्मादादा व्यायाममंदिरात माणिकरावांनी मुलांच्या पिढ्या घडविल्या. आबासाहेब मुजुमदार यांनी तर दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' मराठीत सिद्ध केला. गुजरातच्या भूमीवर राहून मराठी माणसांनी केलेले हे काम आहे.

त्याची फळे पुढे दिसली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतूचे प्रात्यक्षिक जगाला दाखविले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरविले.

जे लिहिले गेले नाही त्याचे काय होते, हेही पाहावे. विटी-दांडूत आम्ही 'वकट, लेंड, मुंड, नाल' अशी मोजणी करीत असू. हे शब्द तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांचे भाऊबंद. कोठून कोठवर आलेली ही मोजणी! आज आमच्या नातवंडांपैकी एकासही ती येत नाही. आम्हीच ती कधी सांगितली नाही. दोष द्यावा तर कोणाला?

नातवास आम्ही सांगितले, "बाळ, खेळ पुण्याने मांडला, बडोद्याने छापला. आपल्यासारख्याच, येथे येऊन राहिलेल्या मराठी माणसांनी तो छापला. तेव्हा 'आपला' आणि 'गुजरातचा' ही दोन उत्तरे नव्हेत, एकच आहे." त्याने थोडा विचार केला. इतक्यात मागून खो मिळाला आणि स्वारी धावत सुटली.

वाचकांस एकच विनंती. लहानपणी आपण कोणते खेळ कोणत्या नियमांनी खेळलो, ते प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी वहीच्या एका पानावर तरी लिहून ठेवावे. मुले प्रश्न विचारीत आहेत, तोवरच उत्तरांना किंमत आहे.