विडीचे कूळ पानात आहे

विडीची कुळकथा सहसा एखाद्या घराण्यापासून सुरू होते. 1899-1900 च्या दुष्काळाने गुजरात होरपळला आणि खेडा भागातली कितीतरी कुटुंबे पोटामागे मध्य प्रांतात आली. मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल यांनी 1902 च्या सुमारास जबलपुरात विडीचा धंदा मांडला. त्याआधी वर्षभर मुंबईच्या हरिभाई देसाईंनी विडीचा पहिला छाप नोंदवला होता. पुढे गोंदियाच्या विडी व्यवसायातून मनोहरभाई पटेलांचे नाव मोठे झाले आणि 1958 मध्ये त्यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी उभारली. परक्या मुलखात येऊन पाय रोवणाऱ्या माणसांची ही कथा खरी आहे आणि तिचा मान तिला मिळायलाच हवा. पण तिच्यात विडीचे अर्धेच कूळ येते. उरलेले अर्धे तेंदूच्या पानात आणि ते वळणाऱ्या हातांत आहे. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरच्या बाजूने पाहिले, की ते ठळक दिसते.

पहिला पुरावा भूगोलाचा. गुजरातच्या खेडा भागात तंबाखू मुबलक पिके. शेतातले मजूर उरलासुरला चुरा आपट्याच्या जातीच्या पानात गुंडाळून ओढत. तंबाखूच या धंद्याचे मूळ असती, तर कारखाने खेडा भागातच फोफावले असते. ते वाढले जबलपूर, गोंदिया, भंडारा या जंगलाच्या पट्ट्यात. हजार विड्यांना तंबाखू पाव किलोच्या आसपास लागते आणि पान अर्ध्या किलोहून जास्त. त्या पानाचाही बराच भाग कापताना वाया जातो. तेव्हा हलकी तंबाखू पानाकडे नेणे परवडते, जड पान तंबाखूकडे नेणे महाग पडते. शिवाय तेंदूचे पान वाळले तरी भिजवल्यावर लवचीक होते, वळताना फाटत नाही आणि एकसारखे जळते. 1905 पर्यंत गोंदिया-जबलपूर ही अरुंद रूळमार्गाची रेल्वे पुरी झाली आणि रानातले हे पान बाजाराला जोडले गेले.

हे पान आपोआप हाती येत नाही. बाजारहत्नूरचेच पाहा. कडेम नदी याच परिसरात उगम पावते. भोवताली सागाचे पानझडी रान आणि गोंडांची गावे. मराठीत ज्याला टेंभुर्णी किंवा तेंदू म्हणतात, त्याच्या पानाला तेलुगूत तुनिकाकू म्हणतात. चांगल्या पानासाठी उन्हाळ्याच्या तोंडी झुडपे छाटावी लागतात. मग फुटलेली कोवळी, तांबूस पाने तयार झाली की एप्रिल-मे महिन्यांत तोडायची. पहाटे रानात जायचे, दुपारी घरच्या सगळ्यांनी बसून पाने जुळवून पुडे बांधायचे, संध्याकाळी ते मोजून द्यायचे. पुढे पुडे उन्हात उलटसुलट वाळतात, पाणी शिंपडून नरम केले जातात आणि पोत्यांत भरले जातात. पावसाची एक सर अवेळी आली तरी पानावर डाग पडतो. 1956 मध्ये बाजारहत्नूर ज्यात होते त्या बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ आणि शेजारचा किनवट तालुका मुंबई राज्यात गेले, बाकीचा बोथ आंध्र प्रदेशात गेला. पानाच्या व्यापारावर महाराष्ट्राने 1969 मध्ये आणि आंध्र प्रदेशाने 1971 मध्ये कायद्याने नियंत्रण आणले. दोन्ही सरकारांना या पानाची किंमत कळली होती. रान मात्र एकच होते आणि तोडणाऱ्यांचे कष्टही तेच.

यावर कोणी म्हणेल, की भांडवल, उधारी आणि विक्रीचे जाळे नसते तर पान रानातच वाळले असते. व्यापाऱ्याने दूरचा बाजार जोडला, हे मान्यच आहे. पण घराणे नसेल तर विडी चालत नाही, हे केरळातल्या कण्णूरने खोटे ठरवले. विडी आणि सिगार कामगारांसाठी 1966 चा कायदा झाला. केरळात तो लागू होऊ लागताच मंगळूरच्या एका मोठ्या कंपनीने तिथले काम बंद केले आणि हजारो कामगार उघड्यावर आले. सरकारच्या मदतीने त्यांनी 1969 मध्ये केरळ दिनेश ही सहकारी संस्था काढली आणि स्वतःच्या छापाची विडी खपवून दाखवली. दुसरा आक्षेप सोलापूरचा: तिथे तेंदूचे रान कुठे आहे? नाही, पण तिथे हात होते. गिरण्या आणि मागांच्या ओढीने आलेल्या तेलुगू पद्मशाली कुटुंबांतल्या बायका विडीकडे वळल्या. ओल्या फडक्यातले पान साच्याबरहुकूम कात्रीने कापायचे, मांडीवरच्या सुपातली चिमूटभर तंबाखू त्यात पसरायची, कोपऱ्यापासून वळत न्यायचे, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. हजार विड्यांसाठी हे हजार वेळा. सोलापूरजवळच्या कुंभारीत कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती याच हातांच्या संघटनेतून. म्हणजे धंदा एकतर पानाकडे गेला किंवा हाताकडे; घराणी त्याच्या मागोमाग गेली.

सर्वांत गंभीर आक्षेप आरोग्याचा आहे. विडी सिगारेटइतकीच घातक आहे. मग तिच्या कुळाची एवढी चौकशी कशाला? माझ्या मते याच कारणाने ती करायला हवी. विडी आज ना उद्या आटणार आणि ती आटावी. त्या वेळी घराण्यापाशी दुसऱ्या धंद्यात घालायला पैसा असतो. पान तोडणाऱ्या गोंड कुटुंबाची उन्हाळ्यातली रोकड आणि सोलापूरच्या बाईची रोजची मजुरी यांना तसा आधार नसतो. केरळ दिनेशने खाद्यपदार्थ आणि कपड्यांकडे वळून एक वाट दाखवली आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या बळावर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आपला तेंदूपत्ता स्वतः विकतात, ही दुसरी. कुळकथा छापापाशी थांबली तर देणे फक्त मालकाचे ठरते. ती पानापर्यंत नेली, तर पर्यायी रोजगाराच्या हिशेबात पहिला हक्क तोडणाऱ्यांचा आणि वळणाऱ्यांचा आहे, हे नाकारता येत नाही.