डिलीट केलेलं जातं कुठे?

ऑफिसचा लॅपटॉप परत करताना आपण फाइल्स डिलीट करतो, क्विक फॉरमॅट मारतो आणि निवांत होतो. आज बघूया, या निवांतपणात किती अर्थ आहे.

फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट केलं की जणू पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते. पानं जागेवरच राहतात. ती पुसायची तर त्यांच्यावर दुसरं काही लिहावं लागतं. १९९६ मध्ये न्यूझीलंडच्या पीटर गुटमनने ३५ वेळा लिहायची पद्धत मांडली. लोकांनी तो आकडा मंत्रासारखा धरला. खरं तर त्या फेऱ्या तेव्हाच्या सगळ्या डिस्कप्रकारांसाठी मिळून होत्या. एकाच डिस्कला सगळ्या लागत नाहीत, हे गुटमननेच नंतर सांगितलं.

मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. एमआयटीच्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलत यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या. २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू निघाल्या १२९, नीट पुसलेल्या फक्त १२! बाकीच्यांत हजारो क्रेडिट कार्ड नंबर होते. कॅन्सर झालेल्या लहान मुलाच्या वडिलांनी डॉक्टरांना लिहिलेलं पत्रही होतं.

म्हणजे भांडण ३५ फेऱ्यांचं नव्हतंच. बहुतेकांनी एकही नीट मारली नव्हती. ऑफिसात परत आलेल्या मशीनचा ढीग दिसला की मला हाच १२ चा आकडा आठवतो.

एसएसडीत तर वर लिहिलेलं जुन्या जागी पडेलच असं नाही. तिथे ड्राइव्हचीच इरेज कमांड लागते. म्हणून मशीन देताना आयटीवाल्यांना एवढंच विचारा: पुसणार, की नुसतं फॉरमॅट करणार?