बारामतीचा मोर आणि इंग्रजीचा पेपर: अलंकार ओळखला, पुढे काय?

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागात एक छोटा प्रयोग आहे आणि तो कानांनी आणि ओठांनी करायचा आहे. बसमध्ये असाल तर जरा हळू आवाजात करा, शेजारचा माणूस वळून बघेल.

आपला आजचा विषय परीक्षेतल्या एका प्रश्नातून आलाय. इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या ओळी देतात आणि विचारतात, यातली फिगर ऑफ स्पीच ओळखा आणि स्पष्ट करा. मराठीच्या पेपरात हाच प्रश्न ‘अलंकार ओळखा’ म्हणून येतो. बारामती असो की इंदापूर, मुलं दोन याद्या शेजारी शेजारी लिहून पाठ करतात. सिमिली म्हणजे उपमा. मेटाफर म्हणजे रूपक. पर्सनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. अलिटरेशन म्हणजे अनुप्रास, पन म्हणजे श्लेष, हायपरबोल म्हणजे अतिशयोक्ती.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे ही यादी मला सर्च फिल्टरसारखी दिसते. ओळीत ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ सापडलं की सिमिलीचा शिक्का. मराठीत ‘सम’, ‘समान’, ‘परी’ दिसलं की उपमा, ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा. हा फिल्टर बऱ्याचदा चालतोही. गंमत म्हणजे हे काम आता मोबाईलमधलं ॲप आपल्यापेक्षा पटकन करतं. मग प्रश्न असा की, नाव ओळखलं म्हणजे कविता कळली का? आणि नसेल कळली, तर नेमकं राहिलं काय?

याचं उत्तर शोधायला लंडनला जायची गरज नाही. कऱ्हा नदीच्या काठावर जाऊ. अलंकार या गोष्टीवर ज्यांनी अख्खं आयुष्य घातलं, ते मोरोपंत बारामतीचेच.

मोरोपंत कोण होते?

पूर्ण नाव मोरेश्वर रामचंद्र पराडकर. जन्म १७२९ मध्ये पन्हाळ्यावर. संस्कृतचं शिक्षण तिथेच, केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये यांच्याकडे. ऐन तारुण्यात ते बारामतीला आले आणि १७९४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोही बारामतीतच. म्हणजे चाळीसेक वर्षं मुक्काम इथलाच.

त्यांना आश्रय मिळाला तो बाबूजी नाईकांचा. नाईक म्हणजे त्या काळचे मोठे सावकार. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई नाईकांच्या घरात दिलेली, बाबूजींचे भाऊ आबाजी यांना. आणि बाजीराव पेशव्यांवर याच नाईकांचं कर्जही होतं! नाईकांचा वाडा आजही बारामतीत कऱ्हेकाठी आहे. तिथे मोरोपंत पुराण सांगायचे.

आता हे ‘पुराण सांगणं’ लक्षात ठेवा, कारण आपल्या विषयाची किल्ली इथेच आहे. समोर बसलेल्या लोकांच्या हातात पुस्तक नाही. महाराष्ट्रात छपाईही अजून रुळलेली नाही. जे काही पोचायचं ते कानातून. आज तुम्ही मला जसं ऐकताय, अगदी तसंच. फरक एवढाच की त्यांना दहा सेकंद मागे जायचं बटण नव्हतं.

मग ऐकलेलं लक्षात कसं राहणार? इथे अलंकार कामाला येतो. मोरोपंतांनी महाभारताची अठराही पर्वं मराठीत आणली, ते ‘आर्याभारत’. त्यांची आर्या बहुतेक वेळा ‘गीती’ या प्रकारची. मात्रांचा हिशोब बारा, अठरा, पुन्हा बारा, अठरा. एकूण साठ मात्रांत प्रसंगाचा एक तुकडा बसवायचा आणि शेवटी यमक जुळवायचं. ते यमक ऐकणाऱ्याच्या डोक्यात खिळ्यासारखं बसतं. एक शब्द आठवला की दुसरा आपोआप येतो. म्हणूनच पुढे कीर्तनकारांनी त्यांच्या आर्या उचलल्या आणि गावोगाव नेल्या. थोडक्यात, अलंकार त्या काळातली मेमरी होती. दागिन्यापेक्षा तिचा उपयोग दोरीसारखा जास्त, गोष्ट बांधून ठेवायला.

आता तो प्रयोग

मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली असं परंपरेनं सांगतात. गोष्ट तीच, पण दर वेळी नवी अट घातलेली. त्यातलं एक ‘निरोष्ठ रामायण’. निरोष्ठ म्हणजे ओठाविना. प, फ, ब, भ, म ही जी पाच अक्षरं उच्चारताना ओठाला ओठ लागतो, ती वर्ज्य.

आता तुम्ही फक्त एक शब्द म्हणा. ‘राम’. म्हणा ना! शेवटी काय झालं? ओठ मिटले. म्हणजे पाहा, रामायण लिहायचं आणि त्यात ‘राम’ हे नावच घेता येणार नाही. लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमान गेला, बिभीषण आणि कुंभकर्ण तर दोन-दोनदा गेले. उरले कोण? सीता, जानकी, दशरथ. नायकाला ‘दाशरथी’ म्हणा, ‘सीतानाथ’ म्हणा. त्याचं नाव सोडून बाकी सगळ्या नात्यांनी त्याला हाक मारा.

इंग्रजी साहित्यात याला लिपोग्राम म्हणतात. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट या अमेरिकन लेखकाने १९३९ मध्ये ‘गॅड्सबी’ नावाची कादंबरी ‘ई’ हे अक्षर टाळून लिहिली. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये तोच पराक्रम फ्रेंचमध्ये केला, आणि जगभर त्याचं कौतुक झालं. आपल्याकडे संस्कृतात दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त एक अख्खं प्रकरण ओष्ठ्य अक्षरांशिवाय आहे. कारणही मजेदार, बोलणाऱ्या पात्राचा ओठ प्रेयसीने चावलाय, म्हणून त्याला ओठ मिटवतच नाहीत!

पेपरात उत्तर लिहायचं तर ‘हा लिपोग्राम’ एवढ्यावर संपलं. पण खरी मजा पुढे आहे. ज्याचं नाव जपायचं, तेच नाव जिभेवर येऊ द्यायचं नाही, आणि तरीही प्रत्येक ओळीत तोच असला पाहिजे. घरातली जुनी माणसं नवऱ्याचं नाव घेत नसत, ‘अहो’, ‘आमचे हे’ म्हणत. नाव न घेण्यातही किती जवळीक असू शकते, ते आपल्याला चांगलं माहीत आहे. मी निरोष्ठ रामायणाकडे तसं बघतो. कवीच्या मनात हेच होतं असा दावा नाही, पण अटीतून अर्थ उगवतो तो असा.

मोर ढगाला का हाक मारतो?

दुसरं उदाहरण ‘केकावली’. हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं स्तोत्र, मुख्यतः पृथ्वी वृत्तातलं. केका म्हणजे मोराचा आवाज, आवली म्हणजे ओळ, माळ. मोराच्या हाकांची माळ. आता कवीचं नाव मोरो. मोरो, मोर, मयूर. नुसत्या नावावर श्लेष झाला. कवी स्वतःला मोर ठरवतो आणि देवाला ढग, हे झालं रूपक. शीर्षकातच दोन अलंकार, दोन शिक्के मारून आपण मोकळे.

पण थांबा. मोरच का? कोकीळ का नाही? कोकीळ गोड गाते, तिचं गाणंच ऐकायचं असतं. मोराची केका कानाला गोड लागेलच असं नाही. ती हाक आहे. आणि मोर पाऊस पाडत नाही, तो फक्त ओरडू शकतो. पाऊस द्यायचा की नाही, ते ढगाच्या हातात. म्हणजे ज्या माणसाला भाषेच्या सगळ्या करामती येत होत्या, तो देवापुढे म्हणतोय की माझी एवढी कला म्हणजे शेवटी एका पाखराचं ओरडणं.

आता यात भूगोल मिसळा. पन्हाळा म्हणजे धो धो पाऊस. बारामती आणि इंदापूर पर्जन्यछायेत. आज आपण या पट्ट्याला ऊस आणि कालव्यांमुळे ओळखतो, पण नीरा डावा कालवा आला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मोरोपंतांनंतर कितीतरी वर्षांनी. त्यांच्या काळात इथल्या शेतकऱ्याला आभाळाकडे बघण्यावाचून पर्याय नव्हता. जिरायती गावांना आजही तो फारसा नाही. संस्कृतात ‘जीवन’ या शब्दाचा एक अर्थ पाणीही आहे. ‘ढग जीवन देतो’ असं म्हटलं की पुस्तकात तो श्लेष होतो. जिथे टँकरची वाट बघतात त्या गावात त्याला श्लेष म्हणायलाही जड जातं, कारण दोन्ही अर्थ एकच असतात.

मग मोरोपंत ‘अलंकार ओळखा’मध्ये कसे अडकले?

१८१८ मध्ये पेशवाई गेली. इंग्रजी अमलात शाळा आल्या, शाळांना पुस्तकं हवी होती. परशुरामतात्या गोडबोल्यांनी जुन्या मराठी कवितेतले वेचे निवडून ‘नवनीत’ तयार केलं, १८५४ मध्ये. १८६० मध्ये त्यांचंच ‘वृत्तदर्पण’ आलं. हे काम फार मोलाचं होतं. विस्कळीत पोथ्यांमधली कविता छापील पानावर आली आणि कोणत्याही जातीगावचं पोर शाळेत गेलं तर ती वाचू शकत होतं. पण कानातली कविता डोळ्यांसमोर आली, तशी ती परीक्षेतही आली. दोरी गाठीपासून सुटली आणि तिचे तुकडे मोजायला सुरुवात झाली.

त्याच काळात इंग्रजी शिकलेल्या पिढीच्या हातात वर्ड्‌स्वर्थ आला. मोरोपंत गेले १७९४ मध्ये, आणि ‘लिरिकल बॅलड्स’ आलं १७९८ मध्ये, अवघ्या चार वर्षांनी. १८०० च्या प्रस्तावनेत वर्ड्‌स्वर्थने मांडलं की कवितेची भाषा माणसांच्या खऱ्या बोलण्याजवळची हवी, नटवी नको. विचार सुंदरच होता. पण ते माप घेऊन मागे वळून पाहिलं की पंतकवी नटवे दिसणारच. ‘पंडित मोठे, पण कवी?’ हा प्रश्न मोरोपंतांना कायमचा चिकटला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिच्यात मोरोपंतांच्या कवितेवर सविस्तर लिहून त्यांची बाजू मांडली. पुढे १९०८ मध्ये ल. रा. पांगारकरांनी त्यांचं मोठं चरित्र लिहिलं. तरी सर्वसामान्य वाचकाच्या मनात राहिले ते यमकवाले मोरोपंतच.

इंग्लंडमध्येही अगदी हेच घडलं होतं. जॉन डन आणि त्याच्या पठडीतले कवी लांबलांबच्या गोष्टी एकत्र आणून चमत्कारिक रूपकं करायचे. डॉ. जॉन्सनने १७७९ मध्ये त्यांच्यावर टीका केली की या जोड्या ओढूनताणून लावलेल्या आहेत. त्यानंतर बराच काळ ते कवी मागे पडले. मग १९२१ मध्ये टी. एस. एलियटने निबंध लिहिला आणि सांगितलं की या कवींमध्ये विचार आणि भावना वेगळ्या झालेल्या नव्हत्या, कोडं सोडवता सोडवता ते जगत होते. त्यानंतर डन पुन्हा वाचला जाऊ लागला, कॉलेजात शिकवला जाऊ लागला. आज तुम्ही इंग्रजी साहित्य घेऊन बीए करत असाल तर डनचं ‘कन्सीट’ अभ्यासाला असतं. त्याच कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर राहून गेलेला मोर मात्र अनेकांना फक्त नावापुरता ठाऊक असतो. मला खटकतं ते हे.

मग ओळीसमोर बसल्यावर करायचं काय?

मी तीन प्रश्न विचारतो. एक, कशाची तुलना कशाशी केली आहे? इथे नाव लिहून टाका, मार्क घ्या. दोन, हेच का निवडलं? दुसरं काय निवडता आलं असतं? कोकीळ सोडून मोर का, हा तो प्रश्न. तीन, हे कुठल्या हवेत लिहिलंय?

तिसरा प्रश्न आपल्याला फार उपयोगी आहे. शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीताची सुरुवात प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्यातल्या दिवसाशी करावी का, या विचाराने होते. इंदापुरात मे महिन्यात कोणाला ‘तू उन्हाळ्यासारखी आहेस’ म्हणून बघा! इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे वर्षातले मोजके, कोवळे, हवेहवेसे दिवस. ते कळलं की मगच कवी ‘तो फार टिकत नाही’ ही तक्रार का करतो ते कळतं. उलट, इंग्रजी वाचणाऱ्याला ढग म्हणजे उदासी वाटते. त्याला केकावली समजवायची तर आधी आपल्याकडचा कोरडा जून समजवावा लागेल. शिक्का दोन्हीकडे एकच असतो, आभाळ मात्र वेगळं.

एक लक्षात घ्या, याद्या पाठ करू नका असं मी म्हणत नाही. करा. नाव माहीत असलं की गोष्ट दिसायला लागते. पण पेपरातल्या प्रश्नातच दोन शब्द आहेत, ‘ओळखा’ आणि ‘स्पष्ट करा’. पहिला शब्द ॲप करून देईल. दुसऱ्यासाठी तुमचं गाव, तुमची हवा आणि तुमचे कान लागतील.

या आठवड्याचं काम सांगतो. घरातल्या एखाद्या आजी-आजोबांना विचारा, कीर्तनात ऐकलेली एखादी आर्या आठवते का. आठवली तर रेकॉर्ड करा आणि तिला हे तीन प्रश्न विचारून पाहा. आणि काही सापडलं तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात वाजवू.

तोपर्यंत ऐकत राहा. भेटूया!