कातिबाच्या बोरूपासून युनिकोडपर्यंत

१९८०च्या दशकापर्यंत उर्दू वर्तमानपत्र म्हणजे कातिबाचा हात. तो बोरूने पानभर मजकूर लिहून काढी, मग पान छपाईला जाई. अरबीचं नस्ख वळण खिळ्यांत बसवता आलं, पण उर्दूची नस्तालीक बसेना. तिचे शब्द तिरपे उतरतात आणि शेजारचं अक्षर बदललं की आधीच्याचा आकारही बदलतो. पाकिस्तानातले खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीसोबत ‘नूरी नस्तालीक’ घडवली. त्यासाठी सुमारे २० हजार जोडआकार तयार करावे लागले. १९८१ मध्ये ‘जंग’ या दैनिकाने ती वापरायला सुरुवात केली.

१९९४ मध्ये भारतातल्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने ‘इनपेज’ आणलं आणि नस्तालीक साध्या संगणकावर आली. मासिकं, दीनी पुस्तकं, मुशायऱ्यांची निमंत्रणं त्यावर तयार होऊ लागली. पण सुरुवातीच्या आवृत्त्यांतला मजकूर इनपेजच्या स्वतःच्या संकेतात साठवला जाई. दुसऱ्या प्रोग्रॅमला तो वाचता येत नसे. मराठीच्या जुन्या फॉन्टचंही हेच झालं. फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

आज या फाइली उघडायच्या तर मार्ग तीन आहेत. पहिला, २००७ मध्ये आलेल्या व्हर्च्युअलबॉक्ससारखं साधन. त्यात नव्या संगणकाच्या आत जुनी विंडोज चालवता येते. पान जसं रचलं होतं तसंच दिसतं. मात्र जुन्या विंडोजची आणि इनपेजची प्रत जवळ हवी. दुसरा, १९९३ मध्ये सुरू झालेलं वाइन. ते विंडोजशिवाय लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवतं. हे साधन हलकं आणि फुकट आहे, पण प्रत्येक प्रोग्रॅम नीट चालेलच असं नाही. तिसरा, मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर. यात पानाची रचना जाते, शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि एराब बिघडू शकतात. म्हणून मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं. पण एकदा युनिकोडमध्ये आलेला मजकूर मोबाइलवर वाचता येतो, शोधता येतो, कुणालाही पाठवता येतो.

पहिल्या दोन मार्गांनी जुना प्रोग्रॅम जिवंत राहतो, तिसऱ्याने मजकूर त्याच्या तावडीतून सुटतो. म्हणून दोन्ही करावं. मूळ फाइल जपावी, तिची पीडीएफ काढावी आणि शब्द युनिकोडमध्ये आणावेत.

कातिबाने लिहिलेला कागद शंभर वर्षांनीही डोळ्यांनी वाचता येतो. तीस वर्षांपूर्वीच्या फाइलीचं तसं नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या, मदरशाच्या, बंद पडलेल्या मासिकाच्या कपाटात अशा फ्लॉपी आणि सीडी पडून असतील. त्या वापरणारी माणसं हयात आहेत, कोणत्या फाइलीत काय आहे हे सांगू शकतात, तोवरच हे काम सोपं आहे.