लायकी, रांग आणि कागद

बारावीचा निकाल लागला की माणगावच्या बाजारपेठेत आणि लग्नांच्या पंगतीत एक मत हमखास ऐकू येतं. बोर्डाचे गुण म्हणजे खिरापत झाली आहे, खरं काय ते सीईटीत कळतं. तिथे जो टिकला तो लायक, बाकीच्यांनी इंजिनिअरिंगच्या वाटेला जाऊच नये. हे बोलणारी माणसं अडाणी नसतात. त्यांत शिक्षक असतात, निवृत्त अधिकारी असतात, स्वतःची मुलं शिकवून मार्गी लावलेले पालक असतात. म्हणून हे मत हसण्यावारी न नेता नीट खोडावं लागतं.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या सगळ्या जोरासकट. बारावी विज्ञानाला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात प्रत्येकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते आपल्याच महाविद्यालयात मिळतात. तिथे हात सैल सुटतो, हे प्रयोगशाळेत पाऊल टाकलेल्या कोणालाही माहीत आहे. कॉपीमुक्त अभियान सरकारला पुन्हापुन्हा राबवावं लागतं, ते काही उगाच नाही. विभागाविभागांत निकालाचा टक्का वेगळा: 2025 च्या बारावीत कोकण विभाग 96.74 टक्के, मुंबई विभाग 92.93 टक्के. (जाता जाता सांगायला हवं, की ‘आपलं कोकण पहिलं’ म्हणून माणगावात जे पेढे वाटले जातात ते फुकटचे. कोकण विभागीय मंडळ रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं; रायगड जिल्हा बोर्डाच्या लेखी मुंबईत मोडतो.) अशा वेळी सगळ्यांना एकच परीक्षा, संगणकावर, एकाच नियमाने, यापेक्षा न्याय्य काय असणार? शिवाय कमी तयारीच्या मुलाला आत घेतलं तर एम-वन, एम-टू या गणिताच्या पेपरांत केटी लागते, इयर डाउन होतं, बापाचे पैसे बुडतात. दार उंच ठेवणं हीच दया, असा हा युक्तिवाद आहे.

यातलं प्रात्यक्षिकाचं म्हणणं मला मान्य आहे. कॉपीचंही. पण त्यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो नियमांच्या पुस्तकातच टिकत नाही.

महाराष्ट्रात बीटेकच्या प्रवेशाला पात्रता काय आहे ते बघा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवेत, सोबत ठरलेल्या यादीतला तिसरा विषय. तिन्हींत मिळून खुल्या गटाला 45 टक्के, राखीव गटाला 40. आणि सीईटीत? सीईटीत गुण शून्य नसावेत, बस्स. पेपर एकूण दोनशे गुणांचा: गणिताचे पन्नास प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनाचे पन्नास-पन्नास प्रत्येकी एकाचे. चार पर्याय, चुकीला वजाबाकी नाही. डोळे मिटून क्लिक करत गेलेल्या मुलाच्या पदरातही सरासरी पन्नासेक गुण पडतील. म्हणजे ज्या परीक्षेला आपण लायकीची कसोटी म्हणतो तिने लायकीची किमान रेषा आखलेलीच नाही. ती रेषा, बरीवाईट जी काही आहे ती, अजूनही बोर्डाच्या गुणांतच आहे. सीईटी फक्त रांग लावते.

रांग लावणं हे कमी महत्त्वाचं काम नाही. जागा थोड्या आणि मुलं जास्त असली की कोणीतरी रांग लावायलाच हवी. पण रांगेतला शहाण्णवावा पर्सेंटाइल म्हणजे शहाण्णव टक्के नव्हेत, हे माणगावातल्या निम्म्या पालकांना अजून समजावून सांगावं लागतं. 2019 पासून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, आणि पर्सेंटाइल एवढंच सांगतो की तुमच्या सत्रात बसलेल्यांपैकी किती जण तुमच्या मागे आहेत. सगळी पिढी हुशार निघाली तरी निम्मी मुलं पन्नासाच्या खालीच राहणार, आणि सगळी ढ निघाली तरी कोणीतरी नव्व्याण्णवच्या वर असणारच. दर्जा घसरला की वाढला, हे या आकड्यावरून कळण्याची सोयच नाही. आणि जागा उरल्या की रांगेचीही मातब्बरी संपते. मागच्या दशकात राज्यात इंजिनिअरिंगच्या हजारो जागा रिकाम्या राहत होत्या, तेव्हा रांगेच्या शेपटाकडच्या मुलालाही कॉलेजवाले घरी फोन करून बोलावत होते. 2023 मध्ये तर वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजीची पात्रता केंद्राने शून्य पर्सेंटाइलवर आणली. देशातल्या सगळ्यात कडक समजल्या जाणाऱ्या दाराचा उंबरठा एका आदेशाने जमिनीला टेकला. उंबरठ्याची उंची जागांच्या हिशेबाने ठरते, हे याहून उघडपणे कोणी सांगितलं नसेल.

आता थोडं मागे जाऊ. माणगाव तालुक्यात, महामार्गावर लोणेऱ्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. 1989 च्या कायद्याने झालेलं, 2014 च्या कायद्याने राज्यभरची महाविद्यालयं संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळालेलं. ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे ते 1907 साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. टक्केवारी काढली तर 37.6. आजच्या बीटेकच्या राखीव गटाच्या किमान रेषेच्याही खाली. हा मुलगा पुढे कोलंबियाचा एमए आणि पीएचडी झाला, लंडनचा डीएससी झाला. लगेच कोणी म्हणेल, त्या काळची मॅट्रिक आणि आजची बारावी एका तराजूत कशी घालता? घालू नयेच. पण मग टक्का ही काळ, परीक्षक आणि अभ्यासक्रम यांच्याबरोबर हलणारी गोष्ट आहे, हे आपण दोघांनीही मान्य केलं. जी गोष्ट हलते तिच्यावर माणसाची लायकी कायमची खिळवून ठेवता येत नाही.

त्या 282 गुणांमागे आणखी एक तपशील आहे आणि मला तो गुणांहून मोठा वाटतो. आंबेडकरांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते शिकवायला नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पाचच वर्षांनी, 1912 साली, त्याच मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. चिंतामणरावांच्या बुद्धीबद्दल शंका घेण्याचं कारणच नाही. ते पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. पण ज्या पेपरात एकाला शिष्यवृत्ती मिळाली तो पेपर दुसऱ्याला लिहिताच येत नव्हता. गुणवत्ता यादीत याची नोंद कुठे होते? यादी फक्त लिहिलेल्या उत्तरपत्रिका मोजते.

आज विषय कोणी जात विचारून नाकारत नाही. पण विषय अजूनही सुटतात, आणि सोळाव्या वर्षी सुटलेला विषय अठराव्या वर्षी दार होऊन आडवा येतो. लहान कनिष्ठ महाविद्यालयांत सगळे विषय असतातच असं नाही. असले तरी शिकवणारा तासिका तत्त्वावरचा, दिवाळीनंतर कधी येणारा, कधी न येणारा. मुलीने नर्सिंग-फार्मसी बघावी म्हणून घरचे गणित सोडायला लावतात, ‘बायो घे, ते बरं’. अकरावीच्या अर्जातली ती एक खूण म्हणजे बारावीनंतरच्या बीटेकला फुली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 मध्ये चौदा विषयांची यादी देऊन त्यातले कोणतेही तीन चालतील असं म्हटलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित न शिकलेला मुलगा पूल बांधणार का, असं विचारलं गेलं. प्रश्न रास्त होता. पण गणित न शिकवलेल्या मुलाचं काय करायचं, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही.

आणि मग कागद. जूनमध्ये तहसीलच्या आसपासच्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात उभे राहा. प्लास्टिकच्या फाइलमध्ये उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येकी तीन प्रती. आणि एक कागद नसतो, तो म्हणजे जात वैधता. वडिलांची किंवा काकांची वैधता घरात असली तर मुलाचं काम पुष्कळ सोपं होतं. पहिल्यांदा शिकणाऱ्या घरात ती कुठून येणार? कायद्याने मानीव दिनांक ठरलेले आहेत: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्याआधीपासून कुटुंब इथलं असल्याचा पुरावा द्यायचा.

आता माणगाव तालुक्यातली एखादी कातकरी वाडी डोळ्यांपुढे आणा. जमीन नावावर नाही, म्हणून सातबारा नाही. आजा शाळेत गेला नाही, म्हणून शाळेच्या रजिस्टरात नोंद नाही. दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर, पावसाच्या तोंडावर परत. केंद्र सरकार याच जमातीला विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणतं. म्हणजे मागासलेपण सरकारी यादीत सिद्ध, पण त्या यादीत आपण आहोत हे सिद्ध करायला लागणारा कागद मागासलेपणामुळेच नाही. मग पडताळणी समिती ठाण्याला, दक्षता पथकाची चौकशी, कुलाचारांचे प्रश्न. प्रवेशाच्या वेळी अर्जाची पावती चालते, मुदतीही वाढतात. पण वाढलेल्या मुदतीतही प्रमाणपत्र आलं नाही की राखीव जागेवरचा दावा जातो. 2024 पासून मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, फार चांगलं झालं. पण तीही आठ लाखांच्या उत्पन्नाची अट आणि कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला प्रवेश असेल तरच. सवलतीपर्यंत पोहोचायलाही तीच फाइल. बोगस दाखले थांबवायला पडताळणी हवी, याबद्दल वाद नाही. पण या मुलाचा प्रवेश हुकला तर पंगतीत काय म्हटलं जातं? ‘झेपलं नसेल.’

इथे प्रतिपक्ष एक हुकमी पान टाकतो: जगात कुठेही असे लाड होत नाहीत. होतात. नायजेरियात विद्यापीठात इंजिनिअरिंगला शिरायला शालान्त परीक्षेत इंग्रजी आणि गणितासह पाच विषयांत ‘क्रेडिट’ लागतं, आणि वर 1978 साली स्थापन झालेल्या केंद्रीय मंडळाची प्रवेश परीक्षा. ऐकायला आपल्याहून कडक. पण ती पाच क्रेडिट दोन बैठकांत मिळून जमवलेली चालतात. एका वर्षी गणित राहिलं तर पुढच्या वर्षीचं गणित आधीच्या निकालाला जोडता येतं. केंद्राच्या विद्यापीठांत जागा वाटण्याचं सूत्र असं: 45 टक्के निव्वळ गुणवत्तेवर, 35 टक्के विद्यापीठाच्या भोवतालच्या राज्यांना, 20 टक्के शिक्षणात मागे राहिलेल्या राज्यांना. त्याच भागातल्या घानात पंचवीस वर्षांवरच्या माणसासाठी विद्यापीठं वेगळी परीक्षा घेतात, शाळेतला जुना निकाल बाजूला ठेवून. या व्यवस्थांची स्वतःची भानगड आहेच, वशिलाही असेल. मुद्दा एवढाच, की ज्यांना आपण गरीब देश म्हणतो त्यांनी दार कुठे असावं आणि किती वेळा ठोठावता यावं याचा विचार केलेला आहे. आपल्याकडे लोणेरं माणगावच्या अंगणात, पण माणगावचं पोर उभं राज्यभराच्या रांगेत. वैद्यकीय प्रवेशात जो 70:30 प्रादेशिक कोटा होता तो 2020 मध्ये गेला; आणि होता तेव्हाही विदर्भ, मराठवाडा अशी नावं होती, कोकण ‘उर्वरित महाराष्ट्रा’त.

लांब कशाला जा, तमिळनाडूने इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा 2006 च्या कायद्याने बंद केली. तेव्हापासून तिथे बारावीच्या गुणांवर, वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका पातळीवर आणून, प्रवेश होतात. अण्णा विद्यापीठ बुडालं नाही, चेन्नईतल्या कारखान्यांना अभियंते कमी पडल्याचं ऐकिवात नाही. आपण मात्र 2014 मध्ये जेईई आणि बारावी निम्मं-निम्मं केलं, 2016 मध्ये परत सीईटीवर आलो. ते निम्म्या-निम्म्याचं धोरण दोन वर्षांहून जास्त टिकलं नाही, तर त्याचा परिणाम कोण मोजणार? क्लासवाले तेवढे प्रत्येक बदलाला पहिल्या आठवड्यात तयार असतात.

मग माझं म्हणणं काय? सीईटी बंद करा, असं नाही. बोर्डाचे लेखी गुण, प्रात्यक्षिक वगळून आणि विभागाविभागांतला फरक काढून, सीईटीच्या जोडीला रांगेत मोजावेत. वैधतेचं काम मूल नववी-दहावीत असतानाच शाळेने अंगावर घ्यावं, म्हणजे अठराव्या वर्षीच्या जूनमध्ये मुलाला कागदामागे धावावं लागणार नाही. 2025-26 पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्याला लागू झाला आहे. कोणत्या मुलाकडे कोणता दाखला नाही हे सरकारला आता सोळाव्या वर्षीच दिसू शकतं. बघायचं ठरवलं तर.

राहिला तो दयेचा युक्तिवाद: आत घेतलं तर पोरगं नापास होईल. होईल, जर आत घेऊन वाऱ्यावर सोडलं तर. पण ही तक्रार पहिल्या वर्षाच्या शिकवण्याबद्दल आहे, दाराबद्दल नाही. आणि तिचं उत्तर लोणेऱ्यातच उभं आहे. तिथेच पेट्रोकेमिकल अभियांत्रिकीची पदविका संस्था आहे. दहावीला पस्तीस टक्के मिळाले तरी पदविकेचा अर्ज भरता येतो. तीन वर्षं कार्यशाळेत, ड्रॉइंगच्या टेबलावर घासून काढली आणि शेवटी खुल्या गटातून पंचेचाळीस टक्के पडले, की बीटेकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा अर्ज करता येतो, सीईटी न देता. ज्यांना सीईटीशिवाय लायकी कळतच नाही असं वाटतं, त्यांनी या वाटेने गेलेल्या मुलांचे निकाल दुसऱ्या वर्षापासून पुढे, सीईटीवाल्यांच्या शेजारी ठेवून, एकदा मागून बघावेत.